वारेची जनुकं कोण उघडतं

३ मार्च, प्लॉवदिव, बल्गेरिया
छापून आला! प्रोफेसर स्तामबोलोव्हांचा लेख. पोटातल्या गर्भाला पोसणाऱ्या वारेच्या सुट्या पेशी एकमेकींत मिसळून एकसंध थर कसा होतो — तर एकच प्रथिन डीएनएवर जाऊन बसतं आणि त्यासाठीची सगळी जनुकं उघडतं. हे प्रथिन मी शोधलं. चार वर्षं घालवली! लेखात माझं नाव पार शेवटी, आभारांत. काचसामान धुणाऱ्या बाईच्या खाली.

विचारलं, तर म्हणाले, "रादोस्वेता, मनाला लावून घेऊ नकोस. हात तुझे चालले, डोकं माझं."

हात!

४ मार्च
दाखवतेच.

१२ मार्च
सापडलं! एक रेणू घालून ते प्रथिन बंद पाडलं. त्यांच्या लेखाप्रमाणे पेशी सुट्याच राहायला हव्यात. झाल्या की एकजीव! दोनदा केलं, दोनदा तेच. म्हणजे लेख खोटा. माझा शोधही खोटा — असेना का. ते तर बुडतील.

शेजारच्या टेबलावरची इस्क्रा म्हणाली, "अगं, प्रथिन खरंच बंद पडलंय का, ते तपासलंस ना?"

परवा परिषद. वेळ कुठाय? हो म्हटलं.

१४ मार्च
सभागृह गच्च. सरांचं भाषण संपताच हात वर केला. मनगटावर अजून १ मार्चला शुभ म्हणून बांधलेला मार्तेनित्साचा लाल-पांढरा दोरा. माझे फोटो पडद्यावर लावले. मागे कुणीतरी हसलं. सरांनी पाणी मागितलं.

"हे... हे कुठून आणलंस?"

"माझ्या हातांनी केलंय, सर."

येताना चीज भरलेली गरम बानित्सा घेतली, दुकानाबाहेर उभ्यानेच खाल्ली. कित्येक महिन्यांत इतकी भूक लागली नव्हती.

२७ मे
लेख मागे घेतला. सर मुदतीआधी निवृत्त. प्रकल्प बंद, त्यात इस्क्राचीही नोकरी गेली. सामानाचं खोकं उचलून निघाली. "थांब, मी धरते," म्हटलं.

"नको. तुझी मदत पुरे झाली."

तिचं वाईट वाटलं. त्यांचं? अजिबात नाही.

५ जून
गेल्या आठवड्यात फ्रीज रिकामा करताना मार्चचे नमुने हाती लागले. राहिलेली तपासणी केली. प्रथिन जसंच्या तसं! बंद पडलंच नव्हतं. रेणूची बाटली जुनी, निकामी झालेली. नवी घेऊन प्रयोग पुन्हा केला. तीनदा केला. पेशी सुट्या — एकही जुळली नाही.

शोध खरा होता.

उद्या सरांच्या घरी जायचंय. दार उघडल्यावर काय बोलायचं, सुचत नाही.