दुसऱ्या ओट्याची परवानगी

३ फेब्रुवारी

धाकटीस,

अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, तुझी सही हवी आहे.

आधीच लिहून टाकलं, म्हणजे पत्र उलटसुलट करून 'ताईंना आता काय हवंय' ते शोधत बसायला नको. मी इकडे बरी आहे. तू बरी नाहीस हे वन्संकडून कळलं. गुडघा पुन्हा आखडलाय म्हणे, आणि तुमच्या इमारतीची लिफ्ट कधीची बंद आहे. चौथा मजला म्हणजे काही चेष्टा नाही. भाजी वर कोण आणून देतं?

तर सही. अंगणाकडे दार उघडणारी मागची खोली आहे ना, तिथे एक ओटा घालायचं माझ्या मनात आहे. छोटासाच. एक शेगडी, एक मोरी, वर फळी. भाडेकरू ठेवीन म्हणते. एवढ्या घरात एकच बाई वावरते हे घरालाही बरं दिसत नाही. आता हे घर दोघा भावांच्या नावावर, दोघेही आपल्याला सोडून गेले, म्हणून कागदावर उरलो तू आणि मी. गवंडी म्हणाला, "आजी, ओटा मी चुटकीसरशी घालून देतो, परवानगीचं तेवढं तुम्ही बघा." मी म्हटलं, माझ्या घरात माझा ओटा, परवानगी कसली? तर म्हणतो, "तुम्ही पिवळ्यात आहात ना." मला वाटलं, मला कावीळ झालीय असं सुचवतोय.

म्हणून नगररचना कार्यालयात जाऊन आले. तिथे भिंतभर शहराचा नकाशा आहे आणि त्याच्यासमोर एक चुणचुणीत मुलगी बसते. तिला मी नकाशावाली म्हणते. तिने मला बसवून सगळं समजावलं. आपली गल्ली फिक्या पिवळ्या रंगात आहे. पिवळा म्हणजे एका प्लॉटवर एकच घर आणि त्या घरात एकच कुटुंब. वर्दळ नको, झाडं असावीत, पोरांना रस्त्यावर खेळता यावं, हा त्याचा हेतू. पलीकडे नारिंगी. तिथे जोडघरं चालतात, दोन-तीन बिऱ्हाडं चालतात, ज्यांना अख्खं घर झेपत नाही त्यांच्यासाठी. मग बसच्या मोठ्या रस्त्याला लागून तपकिरी, उंच इमारतींचा, थोड्या जागेत पुष्कळ माणसं मावावीत म्हणून. आणि तपकिरीवर तिरप्या रेघा असल्या, की खाली दुकानं आणि वर घरं. मी तुझी इमारत शोधून काढली. तू रेघांत आहेस. जिना उतरलं की माणसाला सगळं हाताशी मिळावं, हा तुझ्या रंगाचा हेतू. मी म्हटलं, जिना उतरता आला तर ना. ती हसली.

मग मी तिला विचारलं, एकट्या बाईचा रंग कुठला? ती नकाशाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तसा रंग नाही, आजी." आणि तिने मला अर्ज दिला.

आपल्या पिवळ्याचा हेतू मात्र पुरेपूर साधला आहे. शांतताच शांतता. सकाळचं एक ताट असतं, ते मी दुपारपर्यंत धुवत नाही, म्हणजे दुपारी करायला काहीतरी उरतं. लेक रविवारी फोनवर दिसतो. मी त्याला दिसते की नाही शंका आहे, कारण "आई, फोन खाली घे, मला नुसतं छत दिसतंय" असं तो दर वेळी म्हणतो.

असो. फुली केली आहे तिथे सही करून पाठव. तुझ्या डाव्या हाताचीच कर, कचेरीला चालते.

तुझी थोरली जाऊ

*

२६ फेब्रुवारी

धाकटीस,

आशीर्वाद. सही पोचली. सोबतची चिठ्ठीही पोचली. 'ताई, सही केली आहे. माझी खोली भाडेकरूला देताय का?' एवढंच लिहिलंस. वाचून मी ती चिठ्ठी फ्रिजवर लावली. मग काढली. मग परत लावली.

हो, तुझीच ती खोली. दारामागची खुंटी अजून आहे, तुझ्या हाताला सोयीची म्हणून डावीकडे ठोकून घेतलेली. त्या खोलीत मी रेडिओ ठेवलाय. तो दिवसभर चालू असतो आणि मी स्वयंपाकघरात असते, म्हणजे पलीकडे कुणीतरी बोलतंय असं वाटतं. बातम्या कसल्या चालल्यात ते मी ऐकतही नाही.

परवा सुनावणी झाली. मला वाटलं होतं टेबलाशी बसून दोन प्रश्न विचारतील. तर मोठा हॉल, बाकं, समोर साहेब, बाजूला नकाशावाली. आणि बाकावर आपल्या शेजारचे कुत्रेवाले. तू गेल्यावर राहायला आले ते. त्यांच्याकडे दोन कुत्रे आहेत आणि ते धरून तिघेही एकसारखे चालतात. त्यांनी हरकत घेतली. म्हणाले, "आज या बाईंचा दुसरा ओटा, उद्या चार भाडेकरू, परवा दारात आठ गाड्या. आम्ही शांततेसाठी इथे घर घेतलं." मी म्हटलं, शांतताच हवी असेल तर माझ्याकडची घेऊन जा, ढीग पडलाय. साहेबांनी मला गप्प बसवलं.

मग त्यांनी विचारलं, "दुसऱ्या स्वयंपाकघरात कोण राहणार?" भाडेकरू, हे उत्तर मी घरून पाठ करून गेले होते. पण निघताना तुझी चिठ्ठी फ्रिजवरून काढून पर्समध्ये ठेवली होती. तोंडातून निघालं, "माझी जाऊ."

साहेब म्हणाले, "मग त्या घरातल्याच झाल्या. त्यांना वेगळा ओटा कशाला?"

मी म्हटलं, "साहेब, जावा आहोत."

अख्खा हॉल हसला. कुत्रेवालेसुद्धा. साहेबही हसले, पण त्यांनी पुन्हा नीट विचारलं, आजी, खरंच का हवाय? तेव्हा मी सांगितलं की मला आता एकटीला राहवत नाही आणि ती काही माझ्या ओट्यावर परत यायची नाही. वन्संनासुद्धा मी हे कधी बोलले नाही. परक्या माणसांसमोर बोलले, आणि आता तुला लिहिते आहे. भाडेकरू वगैरे सगळं थोतांड होतं.

तू वेगळी चूल मांडलीस तेव्हा लोकांनी पुष्कळ कारणं लावली. कुणी म्हणालं वाटणी, कुणी म्हणालं दोघा भावांचं फाटलं. कारण कसलं डोंबलाचं. त्या आठ फुटी ओट्यापाशी उभ्या राहिलो की तुझं कोपर मला लागायचं आणि माझं तुला. माझी आमटी सांडायची, तुझं पीठ उडायचं. तू म्हणायचीस, "ताई, जरा सरका ना." मी म्हणायचे, "मी या घरात तुझ्या आधी आलेय." आता आधी आलेच होते, त्यात खोटं काय आहे? पण एक दिवस तू छोटी शेगडी उचललीस, आणि तुझ्या मागून तुझा नवरा उरलेलं सामान घेऊन गेला. भाऊजी जाताना फाटकाशी थांबले होते. तू थांबली नाहीस.

तर विचारते. ओटा वेगळा, शेगडी वेगळी, अंगणातून येण्याजाण्याचं दार वेगळं. एक पायरीसुद्धा चढायची नाही. येशील का?

निकाल लवकरच लागेल म्हणतात. गुडघ्याला शेक देत जा.

तुझी,
थोरली

*

२ एप्रिल

धाकटे,

तुझं उत्तर येऊन बरेच दिवस झाले. 'ओटा वेगळा असेल तर येते. नसेल तर आहे ते बरं आहे. खालचा किल्लीवाला मला भाजी वर आणून देतो, बोलतोही.' तू उत्तर देशील असंच मला वाटलं नव्हतं. 'येते' या शब्दावर मी किती वेळ बोट ठेवून बसले, ते लिहीत नाही.

त्याच आठवड्यात निकाल आला. अर्ज नामंजूर. पिवळ्या झोनमध्ये एका घरात दोन स्वयंपाकघरं म्हणजे दोन घरं, आणि दोन घरं चालत नाहीत. शहराचा नवा आराखडा होईल तेव्हा आपली गल्ली नारिंगीत जाऊ शकते, तेव्हा पुन्हा अर्ज करा, असं लिहिलंय. तोवर मी कुठल्या रंगात असेन कोण जाणे.

म्हणून तुला कळवायला उशीर केला. 'नसेल तर' तूच लिहिलं होतंस. मी कळवलं की तुझं 'येते' संपलं, हे मला दिसत होतं. गवंडी म्हणाला, घालू या की गुपचूप, कुणाला कळतंय. पण कुत्र्यांना फोडणीचा वास जातो, आणि कुत्र्यांकडून कुत्रेवाल्यांना. शिवाय या वयात चोरून ओटा घालायचा आणि मग साहेबांच्या माणसांनी तो तुझ्यादेखत फोडायचा, हे मला नको होतं.

गेल्या सोमवारी नकाशावाली घरी आली. नामंजूर झाल्यावर जागा पाहून जायची असते म्हणाली, ओटा घातला नाही ना ते बघायला. मी तिला तुझी खोली दाखवली. रेडिओ चालू होता. तिने विचारलं, इथे कोण आहे? मी म्हटलं, कोणी नाही.

मग ती स्वयंपाकघरात बसली. मी चहा केला. तिने सांगितलं की खोलीत चहाची किटली ठेवायला काही हरकत नसते, किटली म्हणजे स्वयंपाकघर नव्हे. शेगडी आणि मोरी दोन्ही आल्या तरच ते स्वयंपाकघर. मी म्हटलं, कायद्यात एक कुटुंब म्हणजे नेमकं कोण गं? नवरा-बायको? रक्ताचं? ती म्हणाली, "नातं आम्ही विचारतच नाही, आजी. एका ओट्यावर ज्यांचं शिजतं ती सगळी एक कुटुंब."

"रोज भांडत असली तरी?"

"त्याला वेगळा झोन नाही."

आता खरी गोष्ट ऐक. ती माझ्या उजवीकडे बसून कागद भरत होती. मी कप उचलला आणि तिचं कोपर मला लागलं. चहा सांडला. ती पण डावखुरी आहे. मी काही बोलायच्या आत ती उठली, म्हणाली, "आपण जागा बदलू या. डावखुऱ्याने डाव्या अंगाला बसलं की कुणाला लागत नाही. शाळेत बाकावर बसायचे तेव्हापासून मला हे ठाऊक आहे." आम्ही जागा बदलल्या. ती लिहीत होती, मी चहा पीत होते, आणि आमची कोपरं एकदाही लागली नाहीत. त्यानंतर ती काय बोलली ते मला आठवत नाही.

ती गेल्यावर मी ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. माझी जागा कायम डावीकडे, खिडकीपाशी. तिथून फाटक दिसतं, कोण आलं कोण गेलं कळतं, म्हणून मी ती धरून ठेवली होती. तू उजवीकडे. म्हणजे तुझा डावा हात आणि माझा उजवा, दोन्ही मधोमध. अगं, आपण दोघी उलट्या उभ्या होतो. मी आधी आले की तू नंतर आलीस, याचा काही संबंधच नव्हता. दोघे भाऊ रोज दोन्ही वेळा समोर बसून जेवले, वन्सं माहेरपणाला येऊन गेल्या, कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी हसायला लागले. हसू ऐकायला घरात कोणी नव्हतं, मग रडू आलं. दोन्ही झाल्यावर मी माझे डबे उचलून उजवीकडे मांडले.

तेव्हापासून मी उजवीकडे उभी राहते. अजून सवय नाही. काल मिठाच्या जागी साखर पडली आणि ती आमटी मीच खाल्ली. खिडकीकडची बाजू पुसून रिकामी ठेवली आहे. फळीवरचं काहीही तिथे सरकू देत नाही.

दुसरा ओटा मिळाला नाही, धाकटे. मिळाला असं तुला फसवून सांगता आलं असतं, पण दारात आल्यावर तुला दिसलंच असतं. ओटा एकच आहे. सकाळी माझं तोंड बघायच्या आधी तुझा चहा तुझ्या खोलीत, ही सोय मात्र कायद्याने करून दिली आहे. किटली आणली आहे. मी तुझ्या पातेल्यावरचं झाकण उचलणार नाही, असं लिहायला घेतलं होतं, पण खोटं कशाला लिहू? उचलेन. तुझं मीठ कमी असतं, ते सांगेनही. तूही बोल. या घरात मला बोलणारं कोणी हवं आहे, गोड बोलणारं असं मी कुठे म्हटलं?

कुत्रेवाल्यांनी परवा फाटकाशी थांबून विचारलं, "मग तुमच्या जाऊबाई येणार की नाही?" मी म्हटलं, एक ओटा, एक कुटुंब, तुमची हरकत चालायची नाही. ते म्हणाले, "नाही, हरकत नाही. नुसतं विचारलं." कुत्रे ओढत होते, तरी ते फाटकाशीच. त्यांच्याकडेही फारसं कुणी येत नाही.

एक अडचण आहे, ती सांगून ठेवते. उजवीकडून फाटक दिसत नाही. कोण आलं ते मला आता कळतच नाही, सांगायला खिडकीपाशी दुसरं माणूस लागतं. तू आलीस तर तेसुद्धा मला दिसायचं नाही. तेव्हा कडी जोरात वाजव.

वाट बघते आहे,
ताई