खिडकीची जागा

प्रिय गुलबानो,

प्रिय हा शब्द शुभांगीनं घातला. पत्र तसंच सुरू करतात म्हणे. शुभांगी माझी नात. मला अक्षर येत न्हाय, मी सांगते आणि ती लिहिते. मी नुसतं 'गुलबानो' म्हणून थांबणार होते, पण कागदावर आलंय तर असू दे. मी तुझ्या तेरखेड्याजवळच्या वाशीची, पेंडीच्या दुकानातली चन्नम्मा, तुझ्या सोमलिंगअप्पांची बायको. त्यांचं नावसुद्धा शुभांगीनंच लिहिलं, म्या 'मालक' म्हटलं होतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, पुन्हा ते नाव माझ्या तोंडात आलं न्हाय. तू मात्र येष्टीत चढता चढता सरळ नाव घेऊन 'कसं हाय?' म्हणतेस आणि ते नवरदेवासारखे लाजतात.

त्यांच्या रिपोर्टच्या दिवशी मी बार्शीच्या दवाखान्यात सोबत आले, तवा हे सगळं डोळ्यानं पाहिलं. तेरखेड्याचा फाटा यायच्या आधीच मालकांनी खिडकीच्या जागेवर उपरणं टाकलं. मला वाटलं, माझ्यासाठी. मी सरकणार, तर म्हणाले, 'अगं, तिथं गुलबानो बसती. तिला मळमळतं, वारं लागतं.' मलाही लग्न झाल्यापासून गाडी लागते, पण माझ्यासाठी कधी उपरणं पडलं न्हाय. मग डबा उघडला, तर शेंगदाण्याची चटणी आधी तुझ्यापुढं. इतके दिवस दवाखान्याच्या फेरीहून डबा पुसून आल्यासारखा घरी यायचा आणि मी खुळी समजत होते, मालकांना भूक लागायला लागली.

काही वर्षांमागं त्यांची प्रोस्टेटच्या कॅन्सरची गाठ काढली. मला वाटलं, काढली म्हंजे टाकली. यंदा रक्तातला आकडा पुन्हा चढला, दुखणं परत आलं, तवा डॉक्टर म्हणाले की त्या गाठीचा तुकडा मेणात घालून जपून ठेवलाय. तो लांबच्या लॅबमध्ये पाठवून त्यातले जीन का काय ते तपासायचे. गाठ किती खोडकर हाय ते कळलं की ठरवता येतं, नुसते लाईट, म्हंजे मशीनचे किरण, द्यायचे की जोडीला हार्मोनची इंजेक्शनंही. म्या विचारलं, माझ्या नवऱ्याचा तुकडा इतकी वर्षं तुमच्या कपाटात आणि मला पत्ता न्हाय? डॉक्टर हसले. मला हसू आलं न्हाय.

मालक तपासणीला तयार नव्हते. मी सांगून थकले, आमचा ल्योक राजशेखर सांगून थकला. मग तू येष्टीत म्हणालीस की तुझ्या छातीच्या गाठीचीही तशीच तपासणी झाली आणि केमो टळली. झालं! घरी येऊन चपला काढायच्या आधी म्हणतात, 'पाठवा माझा तुकडा.' त्या दिवशी म्या त्यांची भाकरी मुद्दाम करपू दिली.

तुझा रिपोर्ट चांगला आला म्हणून त्यांनी आमच्या घरी पेढे आणले होते. त्यांचा स्वतःचा आला तो उलटा. गाठ जोराची हाय, लाईटबरोबर इंजेक्शनं घ्यावीत, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. खरं बोलते, मला तुझा लई राग आला. एकाच बाकावर बसता, एकच चटणी खाता, मग हिचाच कागद बरा कसा? मी हे मनात म्हणाले, मालक उघड म्हणतात. 'गुलबानोचं नुसत्या लाईटवर भागलं, मग माझंबी भागंल.' जणू रिपोर्ट म्हंजे चटणी, एकाच्या डब्यातली दुसऱ्यानं घ्यावी!

पण आतली गोष्ट वेगळी हाय. त्या इंजेक्शनांनी अंगातून वाफा निघतात, छाती भरते, पुरुषपण विझतं, असं त्यांच्या डोक्यात बसलंय. शुभांगी, हसू नको, लिही. डॉक्टर म्हणाले, असा त्रास होऊ शकतो, झाला तर बघू आपण. पण मालक नुसते मिशीवरून हात फिरवत राहिले. अगं, वाफा तर आपल्या दोघींच्याही निघून गेल्या, आपण मेलो व्हय? हे त्यांना तोंडावर सांगावं म्हणते, पण जीभ रेटत न्हाय. उभ्या जन्मात आमी दोघं पेंडीवर बोललो, पावसावर बोललो, लेकरांवर बोललो. असलं कधी बोललोच न्हाय.

येत्या सोमवारी पहिलं इंजेक्शन हाय. ते घेणार न्हाय म्हणतात, पण तुझ्या सोबतीला बार्शीला येणार म्हणतात, बघ! फोन केला असता, पण फोन त्यांच्याच खिशात असतो आणि तुझं नाव काढलं की माझा आवाज चढतो. म्हणून हे पत्र, तुझा ल्योक अल्ताफ वाचून दाखवील. तू त्यांना सांग, बाई. तुझा कागद तुझ्या गाठीचा, त्यांचा त्यांच्या गाठीचा. आणि हेही सांग की चन्नम्माला मिशी नको, माणूस पाहिजे. मी सांगितलंय असं मात्र म्हणू नको, तुझ्या तोंडचं त्यांना पटतं. त्याच गोष्टीवर मी जळते आणि त्याच गोष्टीसाठी तुझ्यापुढं पदर पसरते. तू तेरखेड्याची, फटाक्याच्या गावची, वात कुठं लावायची ते तुला कळतं. सोमवारी मीबी येतेय. चटणी जास्तीची घेते. तीन माणसांच्या बाकावर खिडकी तुझी, कड त्यांची, आणि मधे मी.

तुझीच (हा शब्द माझा, शुभांगीचा न्हाय),
चन्नम्मा