दहाव्याला राखलेले केस

बिबवेवाडी, पुणे
१८ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. हेमास,
अनेक आशीर्वाद. अवनीचा खोकला थांबला का? तुझ्या सासूबाई गेल्यापासून इथे आम्ही दोघे पुरुष स्वयंपाक शिकतो आहोत. आमोदची आमटी खाता येते. माझी नुसती पाहता येते.

तेराव्याला तू हडपसरहून आलीस, आमोदच्या डोक्यावरचे केस पाहिलेस आणि भरल्या पानावरून उठलीस. आईसाठी एवढंही केलं नाही, असंच वाटलं असेल. दहाव्याला घाटावर संजयकाकांनी तर सगळ्यांदेखत ऐकवलं, "आईपेक्षा झुलपं मोठी झाली का रे?" न्हावी वस्तरा परजून बसलेला, गुरुजी खोळंबलेले, आणि हा ढिम्म.

तुझीच अट होती, तीन महिने नशेशिवाय काढल्याचं केसांच्या तपासणीत दिसलं तरच परत येईन. मुळाजवळचे तीनेक सेंटिमीटर केस मागच्या तीन महिन्यांचं सांगतात, असं व्यसनमुक्ती केंद्रातल्या नम्रताताईंनी समजावलं होतं. मुदत तेराव्यानंतर भरत होती. चकोट केला असता तर तपासायला उरलं काय असतं?

एवढं तुला तोही सांगेल. पुढचं तो सांगणार नाही.

घाटावर मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, "करून टाक क्षौर. टेस्ट आपोआप टळेल, कोणी विचारणार नाही. हेमासुद्धा." हेमा, मला त्या रिपोर्टची भीती वाटत होती. माझ्या मनाने निकाल कधीच लावून टाकला होता. आईच्या नावाने पळवाट मीच दाखवत होतो.

तो म्हणाला, "बाबा, तुमचाही विश्वास नाही ना? मग राहू देत केस." चिडला नाही, तेच जास्त लागलं.

काल त्याने केंद्रात नमुना दिला. डोक्यामागची पेन्सिलीएवढी बट कापून घेतात. रिपोर्ट थेट तुझ्याकडेच पाठवा, असं त्याने लिहून दिलंय. मला आता तो वाचायची गरज नाही. ज्याला काही लपवायचं असतं, त्याने त्या वस्तऱ्यापुढे खुशाल मान वाकवली असती.

केंद्रातून तो तडक घाटावर गेला आणि आईसाठी डोकं करून आला.

रविवारी तो लेकीला, अवनीला भेटायला येतोय. तिला आधी सांगून ठेव, नाहीतर टक्कल पाहून बिचकेल. तोवर रिपोर्ट आलेला नसेल. तरी दार तू उघड.

उशिरा शहाणा झालेला,
तुझा बाबा
गोपाळकृष्ण