फुली मारलेली दोन दारं

मंगळवार, ४

भूकंपाला दोन दिवस झाले. पहिल्या दोन रात्री छापखान्याच्या अंगणात काढल्या, कुणाला न कळवता. कळवणार कुणाला? मोबाइल घरात टेबलासकट गाडला गेलाय.

आज वाचनालयाच्या सभागृहात पथारी टाकली. माझ्या सदरात मी याच जागेला ‘रिकामटेकड्यांची राजधानी’ म्हटलं होतं. न्हाव्याने चहा पुढे केला — “घ्या साहेब, राजधानीचा आहे.” वाचतो मेला!

शोधपथक आलं. “कुणी अडकलंय का?” म्हटलं, आमची इमारत पाडायला काढलेली. मी आणि पाली एवढेच राहत होतो, पालींनी आपली सोय पाहिली असेल. “आणि तुमच्या थोरल्या भावाच्या घरात?” म्हटलं, दादा लेकीकडे गेलाय. शनिवारी फोनवर कडाडला होताच — “मी चाललो लेकीकडे, तुझं तोंड बघायला नको.”

माझ्या आणि दादाच्या, दोन्ही दारांवर लाल फुली. म्हणजे आत कुणी नाही. माझ्या शब्दावर.

बुधवार, ५

न्हावी म्हणाला, “दादा दिसत नाहीत?”

“लेकीकडे.”

“दाढी न करता? जावयासमोर खुंट वाढवून जाणारा माणूस नव्हे तो. सोमवारची वेळ घेतली होती माझ्याकडे.”

सख्खा भाऊ मी, आणि हे न्हाव्याला ठाऊक!

पथकप्रमुखाला गाठलं. “फुली पडलीय ना? यादी केवढी आहे बघा.” फुली कुणामुळे पडली, ते मी बोललो नाही.

गावातले सगळेच फोन अजून बंद, लेकीकडे विचारायची सोय नाही.

गुरुवार, ६

सकाळीच सभागृहातले आठ जण दादाच्या घरी निघाले. पहारी, दोर, शिक्षिकेने आणलेली शिडी. मला कुणी बोलावलं नव्हतं, मी मागून गेलो.

घर तडकलंय, पण उभं आहे. दादा नाही. लेकीकडे न्यायची पिशवी खुंटीवर, रिकामी.

परत आलो तर इस्त्रीवाली म्हणते, “कोण, दादा? रविवारी संध्याकाळी माझी बॅटरी घेऊन गेले की.”

“मग आधी का नाही बोललीस बाई?”

“मी आज आले इथे. आणि तुम्हीच सांगत सुटला होतात म्हणे, लेकीकडे, लेकीकडे.”

“कुठे गेला?”

“तुम्हाला शोधायला. दिसेल त्याला विचारत होते, धाकटा कुठे आहे. कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्ही सांगता कुठे कुणाला काही! शेवटी म्हणाले, घरातच अडकला असणार तो.”

आठही जण पहारी उचलून माझ्या इमारतीकडे पळाले. मी त्यांच्यामागे.

गुरुवार, संध्याकाळ

माझ्याच जिन्याखाली होता; तो आत शिरल्यावर जिना ढासळला असणार. श्वास चालू आहे, उजव्या पायाचं सांगता येत नाही. बाहेर काढताना डोळे उघडले. मला बघून म्हणाला, “सापडलास एकदाचा.”