चुलीला न चालणारी वीट

आप्पा, तुमची नात म्हणते, कुंभारी गावातलं घर बंद कर आणि कायमची माझ्याकडे पुण्याला चल. रविवारी ती माझं उत्तर ऐकायला येतेय, आणि मला सारखे तुम्ही आठवताय.

तुमचे जावई गेल्यावर मी शेंगा भाजून चटणी विकायला लागले, तेव्हाची गोष्ट. तुम्ही काचेच्या कारखान्यात भट्टी बांधणारे मिस्त्री. तिथल्या उरलेल्या सिलिकाच्या विटा मोडनिंबला तुमच्या परसात पडून होत्या, पिवळसर पांढऱ्या, देखण्या. काच वितळते त्या भट्टीची कमान ज्या विटा पेलतात, त्यांना माझी कढई काय जड, असं म्हणून मी त्या आणल्या आणि स्वतःच चूल बांधली. थोड्याच दिवसांत विटा तडकल्या, भरल्या कढईसकट चूल कलंडली आणि मी शेंगांच्या पसाऱ्यातच रडत बसले. तुम्ही येता, चुलीपुढं उकिडवे बसता, एक तुकडा हातात फिरवून बघता. "काय गं, शेंगा भाजायच्या हुत्या का काच वितळवायची?" मला रडताही येईना आणि हसताही.

मग शांतपणे सांगितलंत. ही वीट सुरुवातीच्या तापातच लई फुगते, म्हणून सांध्यात फट ठेवायची, भट्टी सावकाश चढवायची. एकदा लाल झाली की वितळायला येईपर्यंत डोक्यावरचं ओझं सोडत नाही. "पर निवू द्यायची न्हाय. निवली की तडकली. तुला रोज इझवायची चूल हाय, तुला साधी मातीची वीट पायजे." तसल्या विटा आणून तुम्हीच चूल बांधून दिलीत. पुढं वाचनालयातल्या एका पुस्तकात कारण सापडलं. उष्णतेनं तिच्या आतल्या कणांची मांडणीच बदलते, निवताना ती परत फिरते, तिथं तडा जातो. तोवर तुम्ही गेला होतात, तुम्हाला वाचून दाखवायचं राहिलं.

शेजारच्या काकू परवा म्हणाल्या, नवरा जाऊन इतकी वर्षं झाली, आता तरी निवली असशील की. मी त्यांना चटणी बांधून दिली.

पोरीला मी नाही म्हणणार आहे. विचारलं तर चटणीची गिऱ्हाइकं सांगेन, गुडघे सांगेन. हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. संध्याकाळी काम आवरलं की मी अजून ह्यांच्याशी बोलत बसते. पुण्यात पोरीसमोर ते जमायचं नाही, आणि थांबवायची मला भीती वाटते.