मुकी डिस्क

वरची वाडी, ता. पोलादपूर
५ फेब्रुवारी २००९

ती. मंजुळाताईस,
ओमचा शि. सा. न.

आधी पुरतं वाच, मग काय ते हस. वाडीत मोबाइलला रेंज नाय आणि खडकावर चढून फोनवर असलं बोललो तर खालच्या वाडीलाही ऐकू जाईल. म्हणून भिकूदादाच्या मुंबईच्या गाडीतून पत्र धाडतोय.

कुवेतला जाताना माझा दोस्त ताबिश त्याचा जुना लॅपटॉप आणि माइक मला देऊन गेला, ते तुला ठाऊक आहेच. त्यावर मी ठमाआत्याची हळदीची गाणी रेकॉर्ड करतोय. तिच्या गाण्याशिवाय आपल्या वाडीत हळद लागत नाय. तिच्या मागे सूर धरते तिची भाची श्रुतिका. होय, हैबतीकाकांचीच पोरगी. आता हस.

पण लॅपटॉपची हार्डडिस्क पिठाच्या गिरणीसारखी घरघरते. ती घरघर माइकमध्ये शिरते, आणि लांब गाणं असलं की मध्येच सगळं अडकतं. परवा श्रुतिकाने विचारलं, सीडी माझ्या गाण्याची काढतोयस की गिरणीची. मी तापलो, माइक आपटला, ती उठून गेली. माइक शाबूत आहे.

भावोजींच्या कॉम्प्युटरच्या दुकानात नव्या तऱ्हेची डिस्क आली असेल ना, एसएसडी म्हणतात ती? आत काही फिरत नाय, म्हणून आवाजच नाय. एक लहानशी मिळाली तरी पाठवा. शिमग्याला हैबतीकाका मुंबईहून तिला बघायला पाहुणे आणतायत. त्याआधी तिला दिसू दे की कॉलेज अर्ध्यात सोडलेला पोरगा एखादी गोष्ट पुरीही करतो. मग विचारीन तिला. कसं विचारीन ते ठाऊक नाय.

तुझ्या धपाट्यांसकट लोभ असू दे.
तुझा,
ओम


विक्रोळी
१७ फेब्रुवारी

चि. ओम यास अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे खुशाल. दोनदा हसले, तुझ्या भावोजींनाही वाचून दाखवलं.

डिस्क भिकूदादाकडे दिली आहे, तुझ्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळून. एका गिऱ्हाइकाला लहान पडली म्हणून परत आलेली, तेव्हा त्यात सिनेमे भरायचे नाहीत. भावोजींनी बजावलंय की स्क्रू रागाने फिरवायचा नाही, आणि विंडोज नव्याने टाकायच्या आधी जुनी गाणी दुसरीकडे काढून ठेवायची.

आता माझं. प्रॅक्टिकलला सर एक शब्द बोलले आणि तू वही फेकून घरी आलास. ते तिथेच त्या पोरीने समोर उभं राहून पाहिलंय. तिला डिस्क काय दाखवतोस?

आईला तेल चोळून दे. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
ताई


वरची वाडी
२ मार्च

ती. ताईस, शि. सा. न.

ताई, घाईत लिहितोय, अक्षर समजून घे!

महाडच्या घड्याळवाल्याकडून बारीक स्क्रू ड्रायव्हर आणला आणि डिस्क बसवली. बटण दाबलं, कान लावला, तर आत काहीच नाय. भावोजींनी मेलेली वस्तू गळ्यात मारली म्हणून त्यांना चार ओळींचं कडक पत्रही लिहायला घेतलं. तिसऱ्या ओळीला पडदा उजळला. ते पत्र चुलीत गेलं, पण त्यांची माफी मागतो. काय धावतो आता लॅपटॉप! आणि आवाज? मुंगीएवढाही नाय. वाडीतली पोरं त्याला मुकी डिस्क म्हणतात.

काल आत्या आणि श्रुतिका आल्या. अख्खं गाणं एका दमात झालं, कुठे अडकलं नाय. शेवटी शेजारचा कोंबडा ओरडायला लागला, त्याला हुसकायला मी बाहेर गेलो. तेवढ्यात पडदा आपोआप काळा झाला. वाडीत सगळ्यांना एकच माहीत, घरघरतंय म्हणजे चालू. रेकॉर्डिंग तर चालूच होतं.

त्या गेल्यावर ऐकलं. गाणं संपतं, मग आत्या म्हणते, मेलं वाटतं गो याचं यंत्र. आणि मग श्रुतिका, अगदी स्वच्छ:

“यंत्र मरू दे गो आत्या. हा परत कॉलेजात गेला असता, तर बापाला मीच सांगितलं असतं. पण ह्याला आधी राग येतो, मी नंतर.”

सतरा वेळा ऐकलं. हैबतीकाका पुढच्या मंगळवारी शिमग्याला येतायत. लॅपटॉप उचलून त्यांच्या ओटीवर ठेवतो आणि ऐकवतो. मग कसले पाहुणे!

लोभ तर हवाच, शिवाय ताबडतोब उत्तर हवं. भिकूदादा शुक्रवारी तिकडून परत निघेल.
ओम


विक्रोळी
६ मार्च

ओम,

आशीर्वाद नंतर. लॅपटॉप घेऊन कुणाच्या ओटीवर गेलास तर माझ्या दारात येऊ नकोस.

ते बोलणं तिचं आहे. तुझ्या यंत्रात चुकून पडलं म्हणून तुझं होत नाही. बापासमोर वाजवलंस तर ती जन्मभर तुझं तोंड बघणार नाही, आणि मी तिची बाजू घेईन. आधी तिला एकटीला ऐकव. पुसायचं की ठेवायचं, तिचं तिला ठरवू दे. ती चिडली तर चिडू दे. तू चिडायचं नाहीस.

आणि तिने तुला वाट सांगितली आहे रे. ती तेवढी ऐकू आली नाही?

रागावले तरी माया जागच्या जागी आहे.
ताई


वरची वाडी
२२ मार्च

ती. ताईस, ओमचा शि. सा. न.

तू सांगितलंस तसंच केलं. विहिरीवरून येताना तिला थांबवलं, हेडफोन दिला, चुकून कसं झालं ते सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. कानशिलं लाल. कुठलं बटण, एवढंच विचारलं, स्वतःच्या बोटाने पुसलं आणि हंडा उचलून चालू लागली. मी चिडलो नाय. आतून फार चिडलो, पण तोंड बंद.

शिमग्याला पाहुणे आले, पुरणपोळी जेवले. श्रुतिकाने बापाला आत बोलावून सांगितलं की एवढ्यात नाय. काका ओरडले. तर ठमाआत्या ओटीवर बसून म्हणाली, पोरीच्या मनात नसेल त्या हळदीला मी तोंड उघडणार नाय. पाहुणे गेले. काका अजून माझ्याकडे बघत नाहीत.

मी कॉलेजसाठी महाडला गेलो तो नेमका २० तारखेला, सत्याग्रहाच्या दिवशी. चवदार तळ्यावर ही गर्दी! आमचे सर तिथे लोकांना पाणी देत होते. मी तोंडातल्या तोंडात माफी मागितली. त्यांनी माझ्या हातात पाण्याचा जग दिला. संध्याकाळपर्यंत पाणी वाढलं, तेव्हा म्हणाले, जूनमध्ये ये, आणि वही घेऊन ये.

काल शेवटचं गाणं होतं. आत्या बसली. श्रुतिकाने लॅपटॉपवर तळवा ठेवून पाहिला, मग मला विचारलं, चालू हाय का. म्हटलं, हाय. नक्की का. म्हटलं, नक्की. मग माइकजवळ वाकली:

“बापाला सांगितलंय मी, थांबेन म्हणून. तू जूनला जा.”

आणि लगेच गाण्याचा सूर धरला. आत्या हसू दाबत एक ओळ चुकली, तरी ते गाणं तसंच ठेवलंय.

ताई, या वेळी चालू आहे हे माहीत असून बोलली.

भावोजींना नमस्कार. जूनपर्यंत सांभाळून घे, पुढचं सांभाळायला आता आणखी कुणीतरी आहे.
तुझाच,
ओम