छातीने सोडलेला ठेका

खेड, १२ जानेवारी १९८६

ती. केरू भावोजींस भागोजीचा साष्टांग नमस्कार. हौसाआक्काचा गुडघा आता जिना चढू देतो ना? इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत (असं पत्रात लिहायची पद्धत आहे म्हणून).

गावच्या नमनाच्या खेळात मी तीस वर्षं मृदंग वाजवतोय आणि ठेका कधी सोडला नाही, हे तुम्ही जाणता. तर गेल्या आठवड्यात तालमीत घेरी येऊन मी मृदंगावरच आडवा झालो. खेडच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि सगळ्या मंडळासमोर सांगितलं, की यांचं हृदय मध्येच ठोका चुकवतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमचे झांजवाले आप्पा मात्र धीराचे. त्यांनी माझी नाडी धरून ठेवली, आणि ती ठेक्यावर यावी म्हणून मंडळातल्या बाबूला अर्धा तास माझ्या कानाशी झांज वाजवायला लावली. (नाडी काही समेवर आली नाही. कान अजून वाजतोय.)

डॉक्टर म्हणतात, उपाय तीन. एक गोळ्या. त्या घेतल्या, तर ठोके इतके मंदावले की पुन्हा घेरी आली. दुसरा, मुंबईला नेऊन छातीला विजेचा झटका. (आमचे भावोजी पोफळीच्या वीजघरात आहेत, करंट घरचाच, असं मी म्हटलं. डॉक्टर हसले नाहीत.) पण माझ्यासाठी तिसराच बरा म्हणे, कातडीखाली बॅटरी बसवायची, ती ठोका चुकू देत नाही. आप्पांना बॅटरी म्हणजे हातातलीच ठाऊक. विचारतात, "बॅटरी बशीवली तं काळोखात उजेड पडल काय रं?" मी हसलो खरा, पण मनातून फार घाबरलो आहे.

राहीला यातलं काही माहीत नाही. तिला पित्त म्हणून सांगितलंय, त्यामुळे दोन्ही वेळा कोकमाचं सार प्यावं लागतं.

कळावे.
आपला,
भागोजी

ता. क. : पत्राचं कारण राहिलंच. वीस तारखेला मुंबईला बोलावलं आहे. राहीला सांगेन, आक्काकडे जातो. तुम्ही सोबत चला. एकट्याने त्या टेबलावर झोपायची माझी हिंमत नाही.

आणखी ता. क. : भावोजी, मी राही. पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलंय. डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. लपवल्याचं यांना समाधान आहे, म्हणून मीही पित्तच म्हणते. तुम्ही नक्की या, पण मीही येणार आहे. आत यांना भूल देतील, यांना काही कळायचं नाही. तुम्ही बाहेर बाकावर माझ्याजवळ बसा.